गुणाबाई गाडी पास करतात

सुदर्शन सरांच्या घरात कुठलीही मोठी वस्तू यायची तर तिला आधी गुणाबाईंनी पास करावं लागे. त्यापेक्षा डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा सोपी, असं सरांची बायको शिवांगी म्हणायची. त्या परीक्षेला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. सासूबाईंनी एकदा नापास केलं की केलं. त्यांनी झुंबर नापास केलं होतं, माळा नापास केला होता, आणि लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत सरांनी हौसेनं बांधलेला दुमजली बंगला तर वास्तुशांतीचं जेवण चालू असतानाच नापास केला होता.

भूकंपात गुणाबाईंचं गाव भुईसपाट झालं, तेव्हापासून त्या स्लॅबखाली झोपत नसत. घरात जेवायच्या, टीव्ही बघायच्या, सुनेशी भांडायच्यासुद्धा. पण डोळे जड झाले की उशी काखेत मारून अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात ती खोली तव्यासारखी तापायची. सरांचा जीव तुटायचा.

"माय, निदान कूलर तरी लावू दे."

"नको रं बाबा. कूलर घुमतो. त्या राती भुई अशीच घुमली हुती. झोपेत मला कसं कळावं, कोण घुमायलंय ते?"

फिजिक्स शिकवणाऱ्या सरांनी कूलर आपल्या क्लासच्या हॉलमध्ये लावून टाकला.

आता सरांना गाडी घ्यायची होती. साधीसुधी नाही, जपानी. गल्लीच्या टोकाला केमिस्ट्रीवाल्या शेषेराव सरांनी जर्मन गाडी घेतल्यापासून सुदर्शन सरांना स्वतःची स्कूटर दारात लावायची लाज वाटू लागली होती. जपानी कंपनीनं आपली आलिशान गाडी नव्यानं घडवून बाजारात आणली, तशी सरांनी तिची परीक्षाच घ्यायची ठरवली. क्लासच्या पद्धतीनं, चुकीला गुण कापून. नव्या बारीक दिव्यांना पूर्ण गुण. पुढची जाळी फारच मोठी केली, तिथं एक गुण वजा. मागं पाय पसरायला वाढवलेली जागा, पूर्ण गुण. लेखी परीक्षेत गाडी पहिली आली. तोंडी परीक्षा मायकडे होती, आणि माय 'हाव' म्हणाली नाही तर गाडी येणार नव्हती. घराचा तसा रिवाजच होता.

गाडी दाखवायला हैदराबादच्या एजन्सीतून शहेबाज आला. पोरगा मूळचा नांदेडचा, बोलायला गोड, टाय लावून घामाघूम झालेला. अंगणात लिंबाखाली गाडी उभी राहिली. शेजारच्या हॉलमध्ये मुलांचा सराव पेपर चालू होता.

गुणाबाईंनी गाडीला एक फेरी मारली. "ह्या पुढच्या चाळणीत काय गाळायचं?"

"हवा जाती, अम्मा. नवी डिझाईन हाय."

"बरं. चालू कर बघू."

"चालूच हाय, अम्मा."

गुणाबाईंनी बॉनेटवर कान ठेवला. मग शहेबाजकडे बघितलं. "बंद करून दाखव."

त्यानं बंद केली. काहीच फरक पडला नाही, तशा गुणाबाई म्हणाल्या, "ह्याच्यात इंजन हाय का न्हाई, का नुसताच पत्रा दाखवायलास?"

"इंजन हाय अम्मा, बॅटरीबी हाय. म्हणून तर आवाज नाही. आजूबाजूला कोणी झोपलं असंल तर उठत नाही."

"आत्याबाई, आत बसून तर बघा," शिवांगी म्हणाली.

गुणाबाई चपला बाहेर काढून मागच्या सीटवर बसल्या. गार हवा आली. पाय लांब झाले. चेहऱ्यावर काहीतरी पास होण्यासारखं दिसू लागलं, आणि सुदर्शन सरांनी श्वास रोखला. एवढ्यात, सौदा पक्का करावा म्हणून शहेबाजनं कुणाला न विचारता पाठ रगडणाऱ्या सीटचं बटण दाबलं.

सीट घुमली. खालून, आतून, हळूच.

"भुई हालली!"

गुडघेदुखीची बाई गाडीतून अशी सुटली की शहेबाज बाजूला व्हायच्या आत ती अंगण पार करून फाटकाशी पोचली होती. फाटकाला क्लासची घंटा होती, रुळाचा तुकडा टांगलेला. ती सलग वाजली की पेनसुद्धा न उचलता बाहेर पळायचं, हा नियम गुणाबाईंनीच पहिल्या बॅचपासून घालून दिला होता. प्रत्येक नव्या पोराकडून त्या तो पाठ करून घेत. आता त्या दोन्ही हातांनी घंटा बडवत होत्या. "भायेर निघा! भायेर निघा गं पोरींनो!"

पोरं निघाली. त्यांच्या मागं शेजारच्या क्लासची निघाली, मग समोरच्या होस्टेलची, मग खानावळीची, हातात घास तसाच. बघता बघता गल्लीत मुंगीला जागा उरली नाही. शेषेराव सर खडू हातात घेऊन धावत आले.

"मी बोर्डावर सरळ रेघ मारत होतो, ती वाकडी आली! चांगला जबर झटका होता!"

"माझा बेंच सरकला, सर," एक पोरगा म्हणाला. दुसऱ्याची भिंत हलली होती. तिसऱ्याला तर आदल्या दिवसापासूनच चक्कर येत होती. तेवढ्यात बिलोलीहून एका पोरीच्या वडिलांचा फोन आला, लातूरला लई हालल्याचं खरं का म्हणून. मुदखेडच्या एका पोराचे वडील तिथल्या स्टेशनवर पोचलेसुद्धा होते, लातूरला गाडी कुठली मिळते ते बघायला.

सुदर्शन सरांच्या कानाशी शहेबाज कुजबुजला, "सर, सीट अजून चालूच हाय. बंद करू का?"

"कर," म्हणत सर आईच्या चपला उचलून, गर्दीतून वाट काढत तिच्याकडे गेले. खरं काय ते ओरडून सांगायचा त्यांचा बेत होता. गुणाबाई अनवाणी, तापलेल्या डांबरावर, एकेका पोरीच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. "तू हायेस. तू हायेस. पळताना कुणी पडलं न्हाई ना गं? आत कुणी ऱ्हायलं का?" त्या राती असं विचारायला गावात फारसं कुणी उरलं नव्हतं, हे सरांना माहीत होतं.

त्यांनी आईच्या पायांत चपला सरकवल्या आणि कानात सांगितलं.  पदर नीट करून गुणाबाई गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भूकंप न्हाई. आमच्या सुदर्शनची गाडी हाय. जावा, पेपर लिवा!"

गल्लीची मोठी निराशा झाली.

"मग माझी वाकडी रेघ?" शेषेराव सर म्हणाले.

"ती तुमची तुमीच बघा, सर," गुणाबाई म्हणाल्या.

परीक्षा संपली, असं समजून सुदर्शन सर शहेबाजला म्हणाले, "ने बाबा गाडी. नापास झाली."

"थांब," गुणाबाई म्हणाल्या. त्या लिंबाखाली येऊन त्या चाळणीकडे बघत उभ्या होत्या. "कुठली म्हणलास ही?"

"जपानची, माय."

"जपानात भुई लई हालती म्हणत्यात."

"हाव. सारखीच."

"मंग त्यांना ठावं असंल, माणसानं कशात बसावं ते." त्या पुन्हा आत बसल्या. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली, डोळे मिटले. "लाव रं पोरा."

शहेबाजनं घाबरत बटण दाबलं.

"बंद कर."

बंद झालं.

"लाव... बंद कर... लाव."

पुढचा हुकूम आलाच नाही. सगळे वाट बघत राहिले. शेवटी शिवांगीनं काचेतून डोकावलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गुणाबाई तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.

उठवायची कुणाची छाती झाली नाही. शहेबाजला हैदराबाद गाठायचं होतं, तो पायरीवर बसून चहावर चहा पीत राहिला. उन्हं कलल्यावर गुणाबाई उतरल्या, केस सारखे केले.

"पास," त्या म्हणाल्या.

"अन् ते हालायचं, माय? ते बंद करून घेऊ का?"

"ऱ्हाऊ दे. आपण म्हणलं की हालतंय, नको म्हणलं की थांबतंय." त्यांनी चपला पायांत सरकवल्या. "भुईला असं बटण असतं तर काय पाहिजे हुतं रं."

गाडी आली. हार घातला, नारळ फुटला, शेषेराव सर येऊन पेढा खाऊन गेले. काही आठवड्यांनी शहेबाजचा फोन आला. "सर, पहिल्या सर्व्हिसचा टाईम झाला. गाडी किती फिरली?"

सुदर्शन सर अंगणात स्कूटरला किक मारायच्या बेतात होते. त्यांनी लिंबाखाली बघितलं. गाडीच्या दाराशी चपला काढलेल्या होत्या, आरशाला जपमाळ लटकत होती, आणि मागच्या काचेला आतून उशी टेकली होती.

"हळू बोल," सर कुजबुजले, आणि किक न मारता स्कूटर ढकलत फाटकाबाहेर निघाले. "माय झोपलीय."