कै. खांबेटे यांची वाटी

मनुष्य नश्वर आहे आणि स्टेनलेस स्टील गंजत नाही, या दोन गोष्टींचा एकत्र विचार आपल्या संस्कृतीत प्रथम कोणी केला याची नोंद उपलब्ध नाही. ज्याने केला तो थोर होता. माणूस गेला की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाची वाटी वाटायची, म्हणजे तो पुढची पन्नास वर्षं लोकांच्या घरात कोशिंबिरीखाली राहतो. पुतळ्याला खर्च जास्त, शिवाय वर कावळे बसतात.

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या सोसायटीतले विष्णुपंत खांबेटे १९८७ साली कारखान्यातून निवृत्त झाले. (मी त्या सोसायटीचा चिटणीस. मानधन नाही, शिव्या आहेत.) विष्णुपंत बत्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. माल पास केला की त्यावर शिक्का मारायचे. शिक्क्यावर नाव नसे, आकडा असे : चौदा. निरोप समारंभात त्यांना घड्याळ मिळालं आणि त्यावरही कारखान्याचंच नाव होतं.

"चिटणीस, बत्तीस वर्षांत माझं नाव कुठंच उमटलं नाही हो," ते मला जिन्यात म्हणाले. डोळे ओले होते. मला वाईट वाटलं, पण मी पाण्याच्या टाकीकडे निघालो होतो.

त्याच आठवड्यात ते उल्हासनगरला लछमनदासच्या भांड्यांच्या दुकानात गेले आणि स्वतःच्या वर्षश्राद्धाच्या एकशेएक्कावन्न वाट्यांचा भाव विचारला. लछमनदासने चेहऱ्यावरची रेषाही हलू दिली नाही. "पंतजी, आज ले लो साईं. तुम्हारे टाइम को भाव क्या होगा, कौन जाने!"

दुकानाबाहेर सुदाम नाव घालण्याचं मशीन घेऊन बसे. विष्णुपंतांचं म्हणणं, सध्या नुसतं नाव घाल, 'कै.' मागाहून बघू. सुदाम म्हणाला, "साहेब, मागाहून एवढ्या वाट्या घेऊन परत कोण येणार? तुम्ही येणार का?" तपासणी खात्यातल्या माणसाला या प्रश्नात एकही दोष सापडला नाही. वाट्यांवर 'कै. विष्णुपंत खांबेटे यांचे स्मरणार्थ' असं सुबक अक्षरांत आलं. प्रत्येक वाटी त्यांनी उजेडात धरून तपासली आणि दोन नापास केल्या.

घरी त्यांच्या पत्नी सुहासिनीवहिनींनी त्या बघितल्या आणि "माझ्या डोळ्यांसमोर नकोत!" म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकायला लावल्या. इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

दोन महिन्यांनी संक्रांत आली. सून मीनल नवी होती, पहिलंच हळदीकुंकू. वाण काय लुटायचं हे तिला ऐनवेळी आठवलं. सासूबाई तिळगुळाच्या पाकात अडकलेल्या. मीनल माळ्यावर चढली, तिला कागदात गुंडाळलेल्या कोऱ्या वाट्या सापडल्या, आणि सासूबाई किती दूरदृष्टीच्या म्हणून तिने मनोमन हात जोडले. शेहेचाळीस सवाष्णींना तिने कागदासकटच हसतमुखाने वाण दिलं. वाण कोणी यजमानांसमोर सोडून बघत नाही. घरी जाऊन बघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला समोरच्या मालिनीबाई पिठलं-भाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या. दार विष्णुपंतांनी उघडलं, गालाला दाढीचा फेस.

"अगं बाई! तुम्ही?"

"मीच. या ना."

आठपर्यंत अडतीस माणसं आणि पाच पातेली जमली. एवढ्यावरून परत जाणं बरं दिसेना, म्हणून सगळे बसले. विष्णुपंत म्हणाले, "आलाच आहात, तर बोला काहीतरी." भेटायला आलेल्या माणसाला चांगलंच बोलावं लागतं. एकाने त्यांच्या अक्षराची तारीफ केली. मालिनीबाई म्हणाल्या, त्यांच्या मुलाला तापात खांद्यावर टाकून डॉक्टरकडे नेलं होतं ते यांनीच. मी म्हणालो, खांबेटे, तुम्ही मेंटेनन्स कधी थकवला नाहीत. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि टॉवेलात तोंड घालून रडले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

वहिनी मात्र भडकल्या होत्या. "माझ्या कपाळावर कुंकू, आणि माझ्याच घरातून हे वाण? मेल्यावर काय करायचं ते करा, आधी जगा तरी नीट!" अकरा दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मीनलने वाट्या बदलून द्यायचं काढलं, पण वाण परत करत नाहीत, यावर शेहेचाळीसही जणींचं एकमत झालं. (सोसायटीच्या इतिहासातलं हे एकमेव एकमत.) उरलेल्या सगळ्या वाट्या वहिनींनी लछमनदासकडे मोडीत घातल्या आणि कुकर आणला. लछमनदासने त्या वितळवल्या नाहीत. नाव घातलेला माल म्हणून डझनाला दोन रुपये कमी करून विकल्या.

आणि खांबेटे पसरले. बदलापूरला एका मुंजीत माझ्या पानात श्रीखंड त्यांच्यातून आलं. रिक्षा स्टँडवरच्या टपरीत ते साबण ठेवायला होते. माझ्या वैयक्तिक पाहणीनुसार १९९५ पर्यंत कल्याणपासून खरवईपर्यंत दर दोनशे घरांमागे एका घरात खांबेटे होते.

अडचण इतकीच की खांबेटे जिवंत होते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी ते बँकेत गेले, तर खिडकीवरचा शशिकांत म्हणाला, "काका, तुम्ही दिसताय खरे, पण आमच्या घरी वाटी आहे." शेवटी मी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून दिलं, की सदर सभासद अद्याप मयत झालेले नाहीत. पुढे दरवर्षी देत गेलो.

लोकांनी हळूहळू त्यांना बोलावणं सोडलं. मुद्दाम नव्हे. लग्नाच्या यादीत नाव आलं की कोणीतरी म्हणे, "ते गेले ना?" आणि पुढचं नाव घेत. मी त्यांच्याच जिन्यावर राहणारा. दाखला नोव्हेंबरातच लागतो, म्हणून बाकीचे अकरा महिने मीही जात नसे. ते दाराशी खुर्ची टाकून बसत. पायरी वाजली की मान वर करत.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये विष्णुपंत खरोखरच गेले. मी फळ्यावर सूचना लावली. लोकांनी वाचली आणि वर्षश्राद्ध समजून पुढे गेले. मुलगा श्यामकांत नातेवाइकांना फोन करत होता. आत्या म्हणाली, "हो रे, किती वर्षं झाली आता?" स्मशानात आम्ही सातजण होतो, त्यात शववाहिनीचा ड्रायव्हर धरलाय. पिठलं-भात एकाही घरातून आला नाही.

तिसऱ्या दिवशी खरवईची मोतीबाई भाजीची पाटी घेऊन आली. घर गप्प बघून तिने विचारलं, मीनलने सांगितलं.

"ऱ्हाव दे बाय! तो बाबा तं कवाच गेला. आमचे घरान त्याची वाटी हाय."

वहिनी आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "मला आणून देशील? आमच्याकडे एकही नाही गं."

मोतीबाईने दुसऱ्या दिवशी आणून दिली. आत थोडी हळद लागलेली होती. वहिनींनी ती पदराने पुसली, नाव पुन्हापुन्हा वाचलं आणि मग त्या जोरात रडल्या. मी कारण नसताना खिडकीची कडी तपासत उभा राहिलो.

तुमच्याही घरात अशी एक वाटी असणार. उठा आणि काठावरचं नाव वाचा. कोण होता ते आठवतंय? नसेल आठवत तर हरकत नाही, आम्हालाही आठवत नाही. फक्त तो गेलाच आहे असं धरून चालू नका. जिना चढून एकदा बघून या.