आईचे नाव : कोंबडी

देशातील बदकपालनाचा विकास करायचे ठरले, तेव्हा बदकांचे मत मागवण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे काम झपाट्याने सुरू झाले. बदक विकास खाते निघाले, खात्याला पंखा मिळाला, पंख्याखाली साहेब आले. साहेबांनी सुधारित जात आणवली. ही बदके अंडी धडाधड घालत, पण उबवायला बसण्याची त्यांना मुळीच हौस नव्हती.

तळ्याकाठच्या मावशींना त्याचे काहीच वाटले नाही. तीस वर्षे बदके पाळलेली बाई! त्यांनी अंडी एका खुडूक कोंबडीखाली सरकवली आणि महिन्याभरात नऊ पिल्ले निघाली. आता नियम असा होता, की पिल्लांची नोंदणी केली नाही तर तळे काढून घेतले जाईल. मावशी टोपली घेऊन खात्यात गेल्या.

"आईचं नाव?" कारकुनाने विचारले.

"अंडं बदकाचं, बसली कोंबडी."

"जन्माच्या वेळी हजर कोण होतं?"

"कोंबडीच की."

"आणि बदक?"

"ते पोहत होतं."

कारकुनाने अशा बेफिकीर आईकडे बघावे तसे कागदाकडे बघितले आणि शिक्का मारला. आई कोंबडी, सबब अपत्येही कोंबड्याच.

दुसऱ्याच दिवशी निरीक्षक तळ्यावर आले. नोंदणीकृत नऊ कोंबड्या पाण्यात पाहून त्यांचे धाबे दणाणले.

"बाई, मुक्या जिवांना बुडवताय?"

"अहो, पोहतायत ती!"

"पोहतायत कसली? जीव वाचवायला पाय मारतायत!"

बचाव पथक आले. पथकातल्या दोघांना पोहता येत नव्हते. त्यांना मावशींनीच पदर खोचून बाहेर काढले. अहवालात अकरा कोंबड्या वाचवल्याची नोंद झाली. पिल्लांना जमिनीवर ठेवावे, अन्यथा तळे जप्त, अशी नोटीसही लागली.

आठवड्याभरात पिल्लांची पिसे विस्कटली, ती कोपऱ्यात माना टाकून बसू लागली. मावशींचा जीव तीळतीळ तुटला. एक पिल्लू काखोटीला मारून त्या थेट साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, चोच बघा, पाय बघा, आणि छातीवर हात ठेवून सांगा हे काय आहे!"

साहेबांनी चष्मा लावला. कागद बघितला, मग पिल्लू बघितले, मग पुन्हा कागद. "कोंबडीला अशी चोच? अरेरे! डॉक्टरांचा दाखला आणा, सवलत देऊ."

गुरांचे डॉक्टर सरकारी, पण माणूस बरा होता. त्यांनी लिहिले : चोच चपटी, बोटांमध्ये पडदा, आवाज कायमचा बसलेला. मावशी हळूच म्हणाल्या, "औषधात पाणी लिहा की, दादा." डॉक्टरांनी लिहिले : जलोपचार, सकाळी व संध्याकाळी, आजन्म.

पिल्ले पाण्यात पडली. तळे वाचले. मावशी काठावर बसून आधी हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. वार्षिक अहवालात देशात यंदा जन्मलेली बदके शून्य आणि आजारी कोंबड्या नऊ, असा आकडा आला. तेव्हा साथीच्या अभ्यासासाठी खात्याला आणखी चार पंखे मंजूर झाले.

तुम्ही हसताय. हसा. पण परवा कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी तुमच्या तोंडाकडे बघून विचारले, "तुम्ही तुम्हीच कशावरून?" तेव्हा तुम्ही चिडला नाहीत. घसा साफ केलात आणि म्हणालात, "मॅडम, झेरॉक्स दोन देऊ की तीन?"