तांबडीला पाडायची रीत

नुसती एक पट्टी बांधायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच आसारामभाऊंनी ठरवलं होतं.

झालं असं, की सकाळी तलवाड्याच्या फाट्यावर एका जीपनं तांबडीला उडवलं. तांबडी ही गल्लीची कुत्री. कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. तीन पायांवर लंगडत ती आली आणि नेमकी भाऊंच्या ओट्यापाशी आडवी झाली. मागच्या पायातून रक्त वाहत होतं. सहा वर्षं रोज तिला पहिली भाकर टाकणाऱ्या भाऊंच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, हातातलं काम टाकून बाहेर धाव घेतली.

"आवं, ती जनावरांच्या डॉक्टरची गाडी बोलवा की! फोन केला की दारात येती म्हनं. लई रक्त चाललंय."

हे भाऊंच्या वर्मी लागलं. गुरांच्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं ड्रेसर म्हणून काढलेला माणूस घरात असताना गाडी? (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ही गोष्ट ते स्वतःलाही सांगत नसत.)

"मी काय मेलोय का? कासरा आन!"

"कुत्रीला कासरा? कावून?"

"जखम बघायची तर आधी जनावर पाडावं लागतं. तू मला शिकवू नको."

खरं सांगायचं तर भाऊंनी नोकरीत कुत्र्याला कधी हातच लावला नव्हता. त्या काळी दवाखान्यात कुत्रं आणायचं कुणाच्या मनातही येत नसे. येत ते बैल. पोळा जवळ आला की दवाखान्यापुढच्या लिंबाखाली पार उमापूरपर्यंतच्या बैलजोड्या उभ्या राहत. टिंक्चरचा वास, शेणाचा वास, घुंगरांची खुळखुळ, आणि मधोमध आसाराम ड्रेसर! मानेत कासरा अडकवायचा, पोटाला दोन वेढे, मागून चौघांचा हिसका, की एवढा थोरला लालकंधारी बैल कसा अलगद बसे. मग म्हातारे शेतकरीसुद्धा "ड्रेसरसाहेब, हात लई गुणाचा हाय तुमचा" म्हणून चहाला ओढून नेत. आता गावात बैलच राहिले नाहीत. ट्रॅक्टरला काय पाडायचं?

चौघं मिळाले नाहीत. शेजारचे रामकिसन आणि सुंदरराव तेवढे आले.

"भाऊ, ती तर पडलेलीच हाय की," रामकिसन म्हणाला.

"तशी न्हाई. रीतीनं पडाय पायजे. मी सांगेपर्यंत ढील द्यायची न्हाई, काय?"

भाऊंनी वेढे घातले, पण हातांना सवय बैलाच्या पोटाची. तांबडी त्या वेढ्यांतून मान काढून निवांत बाहेर आली आणि पलीकडं जाऊन बसली. वेढ्यात राहिला तो भाऊंचा उजवा पाय. तेवढ्यात सवयीनं तोंडातून निघून गेलं, "वढा!"

दोघांनी ओढलं. शब्दाला जागून ढीलही दिली नाही. भाऊ अंगणात अलगद आडवे झाले.

"रीतीनं पडले बगा," सुंदरराव समाधानानं म्हणाले.

सत्यभामाबाईंनी मात्र मघाशीच आत जाऊन फोन लावला होता. अर्ध्या तासात गाडी आली. उतरली ती सायली नावाची पोरसवदा डॉक्टरीण. तिनं पट्टीची एक फीत घेऊन तांबडीचं तोंड बांधलं आणि म्हणाली, "टाके घालावे लागतील. कुणीतरी डोकं धरा. हलली तर पाय वाचायचा नाही."

रामकिसन मागं सरला. सुंदररावांना अचानक काम आठवलं. भाऊ सरपटत पुढं आले, तांबडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानामागं बोटं फिरवत हलकेच म्हणाले, "ह्यो... ह्यो बाय माझी..." बैलांना म्हणायचे तसंच. थरथरणारी तांबडी हळूहळू सैल पडली. टाके पडेपर्यंत तिनं डोकं हलवलं नाही.

"काका, तुमच्या हाताला जनावर ओळखतंय," सायली म्हणाली.

भाऊंना एकदम लिंबाखालचा तो वास आला. नऊ वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी बाहीला पुसलं.

तांबडीचा पाय वाचला. भाऊंचा घोटा मात्र टम्म फुगला होता. "माणसं माझ्या खात्यात येत नाहीत," असं म्हणत डॉक्टरणीनं उरलेली पट्टी त्यालाही गुंडाळली. मग तिनं मोबाईलवर फॉर्म उघडला.

"मालकाचं नाव?"

भाऊंनी छाती पुढं काढली, पण सत्यभामाबाई आधी बोलल्या. "ल्हा, सत्यभामा आसाराम."

"कुत्रीच्या मालकीण तुम्ही?"

बाईंनी शेजारी शेजारी पसरलेल्या, पट्टी बांधलेल्या दोन पायांकडं पाहिलं.

"दोगांची बी मीच. पर कुत्रीला आदी बरं करा बाई, ती सांगितलेलं आयकती तरी."