जरा हे निशाण धरा

सासऱ्यांना रेसकोर्सवर न्यायचं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं, हे जावयाला कळत होतं. पण बायकोने आठवडाभर भुणभुण लावली होती.

"बाबांनी तुझं काम एकदा डोळ्यांनी बघितलं ना, की त्यांचं मत बदलेल," ती म्हणाली.

"आणि आणखी बिघडलं तर?"

"त्यात आणखी काय बिघडायचं राहिलंय?"

हा मुद्दा बिनतोड होता. सासरे रेल्वेत गार्ड होते आणि आपल्या चुकीने एकही गाडी उशिरा सुटली नाही, हे ते दूध घालायला आलेल्या माणसालाही ऐकवायचे. निवृत्तीनंतरही पांढरा कडक इस्त्रीचा पोशाख, पांढरी टोपी, चकचकीत बूट आणि खिशात शिट्टी हा थाट त्यांनी सोडला नव्हता. "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं, की ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "असतात कुठंतरी समुद्राकडे." एवढं बोलून ते दूध महाग झाल्याचा विषय काढायचे.

तसं ते खोटं नव्हतं. रेसकोर्स समुद्राकडेच होतं, म्हणजे समुद्रातच होतं म्हणा ना. ओहोटी लागली की ओल्या, घट्ट वाळूवर खांब रोवायचे, शर्यती लावायच्या आणि पाणी परत यायच्या आत सगळं गुंडाळून घरी जायचं. सुरुवातीच्या जागी दोन माणसं एक लांब दोर ताणून धरायची. स्टुलावर उभ्या असलेल्या स्टार्टरने हिरवं निशाण हलवलं, की दोर खाली आणि घोडे पुढे. जावई असिस्टंट स्टार्टर होता. दोरामागे सगळ्या घोड्यांना एका रांगेत उभं करायचं, हे त्याचं काम. करून बघावं म्हणजे कळेल. एक घोडा पुढे सरकला की दुसरा मागे फिरतो, आणि तिसऱ्याला त्याच वेळी समुद्र बघायचा असतो.

मुख्य स्टार्टर गेल्या महिन्यात मुलीकडे राहायला निघून गेला होता. जागा रिकामी होती आणि क्लबचे सेक्रेटरी जावयाला म्हणाले होते, "कपाची शर्यत नीट पार पाडून दाखवा. मग तुमचं पक्कं करू." तेव्हापासून जावयाला धड जेवण जात नव्हतं. मुख्य स्टार्टर झालो, तर सासऱ्यांना खिडकीबाहेर बघता येणार नाही, असं त्याला वाटत होतं. पगारापेक्षा त्याला त्याचीच ओढ होती.

कप दिला होता गादीवाले शेठ यांनी. गावातल्या बहुतेक लोकांची पाठ रात्री त्यांच्या कारखान्याच्या गादीवर टेकायची. शेठजींची अट एकच होती, निशाण मी स्वतः हलवणार.

शर्यत तीनची होती. तीनला घोडे रांगेत लागले. सेक्रेटरी लांब, दुसऱ्या टोकाला, फाटकाशी शेठजींची वाट बघत उभे होते आणि शेठजींचा पत्ता नव्हता. सासऱ्यांना मंडपात खुर्ची दिली होती, पण ते "जरा तपासणी करून येतो" असं बायकोला सांगून, म्हणजे स्वतःच्या मुलीला सांगून, थेट दोरापाशी येऊन ठेपले.

"जावईबापू, तीन वाजून गेले."

"हो बाबा. पाहुणे यायचेत."

"पाहुण्यांच्या जिवावर वेळापत्रक चालतं होय तुमचं?"

"आज तेवढं चालवायचंय, बाबा."

"आमच्यात असलं चालत नसे," सासरे म्हणाले आणि त्यांनी पुन्हा घड्याळ काढलं. उशीर त्यांच्या अंगावर पित्तासारखा उठत असे. आतापर्यंत मान लाल झाली होती.

तेवढ्यात टोकाच्या तपकिरी घोडीने मागचे पाय झाडायला सुरुवात केली. जावयाच्या एका हातात शेठजींसाठी खास इस्त्री करून आणलेलं निशाण होतं. घोडीला आवरायला दोन्ही हात हवे होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ जो माणूस उभा होता त्याच्या हातात निशाण देत तो म्हणाला, "बाबा, जरा हे निशाण धरा."

आता विचार करा. ज्या माणसाने उभी हयात हिरवं निशाण हलवण्यात घालवली, उशिराने ज्याची मान लाल झालीय, त्याच्या हातात हिरवं निशाण देऊन जावयाने त्याच्याकडे पाठ फिरवली. त्या क्षणी जावयाच्या डोक्यात फक्त घोडी होती.

पाणी परतू लागलं होतं. एक लाट सासऱ्यांच्या चकचकीत बुटांपर्यंत आली, म्हणून ते बूट वाचवायला जवळच्या स्टुलावर चढले. वरून त्यांना सगळी रांग दिसली. सगळे आपापल्या जागी, समोर वाट मोकळी, वेळ टळून गेलेली. पलीकडे घोडी एकदाची सरळ उभी राहिली आणि "झालं बरं का" अशा अर्थाने जावयाने हात वर केला.

पुढचं सासऱ्यांनी केलं नाही, त्यांच्या हाताने केलं, असं ते आजही सांगतात. डावा हात खिशात गेला, शिट्टी तोंडात आली, लांबलचक शिट्टी वाजली आणि उजव्या हातातलं निशाण डौलात हललं. दोरवाल्यांनी शेठजींना कधी पाहिलंच नव्हतं. पांढऱ्या पोशाखातला रुबाबदार माणूस स्टुलावर उभा राहून निशाण हलवतोय म्हटल्यावर त्यांनी दोर सोडला. घोडे सुटले. जावई घोडीच्या लगामाला धरून चार पावलं गेला आणि वाळूत बसला.

"बाबा, हे काय केलंत?"

"सोडली," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम शांत झाला होता.

मंडपातल्या निवेदकाने दुर्बिणीतून पांढरी टोपी पाहिली आणि लाऊडस्पीकरवरून सांगून टाकलं, "आपल्या लाडक्या शेठजींनी आत्ताच शर्यत सोडलेली आहे." फाटकाशी उभ्या सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं. शेठजी दुसऱ्या वाटेने आत गेले आणि आपण स्वागताला नाही, असं समजून ते फाटक सोडून वाळूतून पळत सुटले. ते नजरेआड होतात न होतात तोच शेठजींची गाडी आली.

फाटकावरच्या माणसाने त्यांना अडवलं. "तिकीट?"

"मी शेठ."

"शेठजी कधीच आत गेले. आत्ताच शर्यत सोडली त्यांनी. ऐकलं नाहीत?"

शेठजींनी ऐकलं होतं, म्हणून तर ते हबकले होते. त्यांनी गुपचूप तिकीट काढलं.

सेक्रेटरी धापा टाकत दोरापाशी पोचले तेव्हा शर्यत संपली होती. घोडीच पहिली आली, पण ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

"शेठजी कुठायत?" सेक्रेटरींनी विचारलं. "आणि हे कोण?"

जावयाने अंगाची वाळू झटकली. "माझे सासरे."

"सासरे इथं काय करतायत?"

"निशाण धरलं होतं त्यांनी."

एवढ्यात शेठजी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात तिकीट होतं. "माझी शर्यत मी सोडली म्हणे," ते म्हणाले. "मला जरा बघायचं होतं, मी कसा दिसतो ते."

सेक्रेटरींनी जावयाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत बढती नव्हतीच, नोकरीही नव्हती. "पुन्हा घेऊ, शेठजी," ते म्हणाले. "घोडे परत बोलावतो."

"कुठं घेणार?" जावई म्हणाला. खांब निम्मे पाण्यात होते. स्टुलाचे पाय बुडाले होते आणि त्यावर सासरे अजून तसेच उभे होते, कारण उतरले तर बूट भिजणार होते.

तिथूनच ते शेठजींना म्हणाले, "आपण उशिरा आलात. वेळ झाली की सोडावीच लागते. यायचा माणूस किती का मोठा असेना."

शेठजींना असं कोणी बोलून बरीच वर्षं झाली असावीत. जावयाला वाटलं, आता आपलं सगळं संपलंच आहे, तर बोलायला काय हरकत आहे.

"साहेब, घोडे तबेल्याकडे याच वाटेने परत जाणार," तो म्हणाला. "शेठजींनी निशाण हलवावं, घोडे समोरून चालत जातील. फोटो तरी निघेल."

दुसरा उपाय नव्हता. सासऱ्यांना बुटांसकट उचलून कोरड्या वाळूवर ठेवलं, शेठजी स्टुलावर चढले, फोटोग्राफर गुडघाभर पाण्यात उभा राहिला. दमलेले घोडे रमतगमत आले. शेठजींनी निशाण उचललं आणि हिरवं निशाण वर गेलेलं दिसताच मागून, निव्वळ सवयीने, लांबलचक शिट्टी वाजली.

घोडे उधळले. पाण्याची अशी काही भिंत उठली, की सेक्रेटरी, जावई आणि शेठजी क्षणभर दिसेनासे झाले. दिसू लागले तेव्हा शेठजींच्या टोपीतून पाणी गळत होतं.

घरी जाताना बायकोने फक्त विचारलं, "नोकरी राहील ना?" जावयाने मान हलवली, पण हो की नाही ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. उसळलेलं पाणी, त्यातून झेपावणारे घोडे आणि मधोमध निशाण उंचावून उभे शेठजी. शेठजी स्वतःवर इतके खूश झाले, की तो फोटो त्यांनी गाद्यांच्या जाहिरातीवर टाकला. त्याचा गादीशी काय संबंध, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

आठवड्याच्या शेवटी सेक्रेटरी स्वतः घरी आले, तेव्हा सासरेही तिथेच बसले होते. जावयाचं धाबं दणाणलं. ते म्हणाले, "शेठजी कप दरवर्षी देणार आहेत. मुख्य स्टार्टरची जागा भरायची एवढीच त्यांची विनंती आहे."

जावयाचा जीव भांड्यात पडला. "कधी रुजू होऊ?"

"तुम्ही आहात तिथेच आहात," सेक्रेटरी म्हणाले आणि सासऱ्यांकडे वळले. "शेठजींना शिट्टीवाले हवेत."

सासऱ्यांनी विचार करायला वेळ मागितला नाही. घड्याळ बघून त्यांनी होकार दिला.

जावई दोन दिवस सासऱ्यांना टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी तो सासऱ्यांच्या घराचा जिना चढत होता, तेव्हा वरच्या दारात शेजाऱ्याने सासऱ्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. "जावई काय करतात हो तुमचे?"

जावई पायरीवर थांबला. या वेळी सासऱ्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही.

"रेसकोर्सवर आहेत," ते छाती फुगवून म्हणाले. "हुशार आहे माणूस. माझ्या हाताखाली असतो."