नव्वद दिवसांचा आडोसा

माणसाचा खासगीपणा ही इतकी नाजूक गोष्ट आहे, की ती एकट्या माणसाच्या हाती सोपवून चालत नाही. जपानमधल्या उरायासु शहरातल्या एका वस्तीच्या रहिवासी समितीने हे फार पूर्वीच ओळखले होते. तिथे अंगणाचे कुंपण सव्वा मीटरपेक्षा उंच चालत नाही. अधिक उंची हवी असल्यास नव्वद दिवसांची तात्पुरती सवलत मिळते. अर्ज चौदा पानांचा (सूचना वेगळ्या).

निवृत्त ग्रंथपाल हेमचंद्र मुलाकडे राहायला आले आणि त्यांना या सवलतीची गरज पडली. नऊ वर्षांची नात तन्वी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला जपानीत उत्तर देई. म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते जपानी शिकू लागले. ती शाळेत गेली की अंगणातल्या बादलीला तन्वी समजून ते वाक्ये म्हणत, हातवारे करत आणि चुकले की बादलीची माफी मागत. हे कोणी पाहू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

“बाबा, इथे कोणी कुणाकडे बघत नाही हो,” मुलगा केदार म्हणाला.

“माहीत आहे रे. पण किती काळजीपूर्वक बघत नाहीत!”

सून केतकीने अर्ज भरायला घेतला. प्रश्न नववा: ‘काय लपवायचे आहे? (सविस्तर लिहावे.)’ हेमचंद्रांना खोटे बोलायचीही लाज वाटे, त्यामुळे त्यांनी सविस्तर सांगितले. बादलीचे मापही दिले.

पुढचे सगळे रीतसर झाले. अंगण कुठून किती दिसते हे ठरवण्यासाठी सातही शेजाऱ्यांनी आपापल्या खिडकीतून फोटो काढले. त्यांतल्या पाच घरांनी ती खिडकी तोवर उघडलीच नव्हती. अर्जापूर्वी हेमचंद्रांना पाहणारे: एक (मांजर). अर्जानंतर: एकोणीस, मांजर धरून. समितीच्या मोरिता-सान यांनी तर दोनदा येऊन, कमरेत वाकून, बादली पाहिली.

मग नियमाप्रमाणे हरकतींसाठी नोटीस लागली. रोज सगळे येतात अशी जागा एकच, कचरा वेगवेगळा करून ठेवायची. तिथे चौदा दिवस नवव्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या अक्षरांत झळकत होते. हेमचंद्र दर मंगळवारी प्लास्टिकची पिशवी घेऊन त्यासमोर उभे राहत. वाचता येत नसले तरी समास किती नेटका सोडला आहे, याचे त्यांना कौतुक वाटे.

हरकत आली नाही. शनिवारी बांबूचे कुंपण उभे राहिले. रविवारी सकाळी हेमचंद्र बादलीसमोर पहिल्या वाक्याशी झटत असताना मागून आवाज आला.

“आजोबा, आत जागा आहे?”

तन्वी होती, आणि चक्क मराठीत. तिने नोटीस वाचली होती.

“मला पण येत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे, मराठी येते. पण कोणी बघितलं की येत नाही.”

हेमचंद्रांनी बादली बाजूला सरकवली.

आता नव्वद दिवस संपत आले आहेत. मुदतवाढ हवी तर, कुंपण झाल्यापासून ज्याने ज्याने आत डोकावले त्या प्रत्येकाची लेखी संमती लागते. नाहीतर सोमवारी बांबू उतरतील. शेजाऱ्यांकडे केतकीने चौकशी केली. कुंपण झाल्यापासून त्यांतल्या एकानेही आत पाहिलेले नाही.

तेव्हा यादीत नाव एकच उरते, ते आपले. सही तिसऱ्या पानावर करावी. सोबत, आपण जिथे बसून हे वाचत आहात तिथून अंगण किती दिसते, त्याचा एक फोटो जोडावा.