मुद्दल मोकळं

आमच्या बँकेच्या शाखेतल्या शिपायाच्या मुलाला नोकरी लागली आणि शिपाई पेढे वाटत माझ्या टेबलापाशी आला, तेव्हा निवृत्तीतात्या तिथे उभे होते. त्यांनी पेढा तोंडात टाकला, शिपायाचा हात दोन्ही हातांत धरला आणि अगदी मनापासून म्हणाले, "चला, मुद्दल मोकळं झालं!"

शिपाई कसंनुसं हसला. मुलगा म्हणजे काही ठेव नव्हे, असं त्याला म्हणायचं असावं. पण तात्यांना कोण सांगणार? शेजारच्या गुरुजींचा मूतखडा पडला तेव्हाही तात्या त्यांना हेच म्हणाले होते. गल्लीतली एक नव्वदीची म्हातारी गेली, तेव्हा तिच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सुटली बिचारी. मुद्दल मोकळं झालं." तो मुलगा, म्हणजे तोही सत्तरीचा, पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. तात्यांना त्याचं कारण कधीच कळलं नाही. त्यांच्या मते यापेक्षा मोठा आशीर्वाद नव्हता.

तात्या तीस वर्षं शेवगाव डेपोत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी अजून पाय फाकवून उभे राहतात, जमीन कधी ब्रेक मारील याचा नेम नाही अशा बेताने. खुर्ची पुढे केली तर म्हणतात, "असू द्या म्याडम, बसनाऱ्याला असू द्या." बँकेत रांग दिसली की त्यांच्याने राहवत नाही. "चला, पुढं सरका, पुढं लई जागा हाय," असं ते म्हणतात आणि लोक मुकाट्याने सरकतात. आमच्या मॅनेजरसाहेबांना ते कधी जमलं नाही.

हे मुद्दल मोकळं करण्याचं खूळ मात्र त्यांना डेपोत लागलेलं नव्हतं. ते मी लावलं. आता हसत हसत सांगते आहे, पण माझ्या नोकरीत मी जी दोन-चार पापं केली, त्यातलं हे पहिलं.

मी बदली होऊन शेवगावला आले, तेव्हा पैठण रस्त्याला तात्यांनी फंडाच्या पैशातून दोन खोल्या नुकत्याच बांधल्या होत्या. त्या मी भाड्याने घेतल्या. तात्या आणि सुमनकाकू मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. एकदा चहा पिताना तात्या म्हणाले, "सगळा फंड या भिताडात अडकला बघा, म्याडम." मला त्या काळी आपलं ज्ञान दाखवायची फार हौस. मी म्हटलं, "अडकला कसा? घराला भाडं येतंय ना? भाड्याचा करार लावा, घराची आजची किंमत काढून घ्या, त्यावर तारण कर्ज करू. घातलेले सगळे पैसे परत हातात येतील आणि हप्ता भाड्यातून जाईल."

"आन घर?"

"घर तुमचंच."

तात्यांनी हे तीनदा विचारून घेतलं. "घातलेलं परत? हप्ता भाडेकरूचा? आन घर माझंच?" तिसऱ्यांदा हो म्हटल्यावर ते कपबशी तशीच हातात धरून अंगणात जाऊन उभे राहिले. भाडेकरू मीच होते, म्हणजे माझ्या पगारातून गेलेलं भाडं फिरून माझ्याच बँकेत हप्ता म्हणून येऊ लागलं. यातला विनोद मला कळायला वर्ष गेलं.

परत आलेल्या पैशांतून तात्यांनी नेवासा रस्त्याला प्लॉट घेतला. तिथे घर बांधलं, भाडेकरू घातला, किंमत काढली, कर्ज केलं, पैसे बाहेर काढले. मग तिसरं. मग चौथं. प्रत्येक वेळी तात्या आणि काकू नव्या बांधकामावर राहायला जात. वॉचमनचा पगार वाचतो, पाणी मारायला माणूस लागत नाही. गिलावा झाला, रंग झाला, नळाला पाणी आलं, घर राहण्यासारखं झालं, की दारात भाडेकरूचा टेम्पो उभा. काकू गाठोडी बांधून पुढच्या विटांच्या ढिगाकडे निघत. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी अशी सहा बिऱ्हाडं केली, आणि सहाही स्वतःच्या जागेत.

काकू म्हणजे जेमतेम साडेचार फुटांचा ऐवज. घराचे ओटे तात्या भाडेकरूंच्या मापाने बांधत, त्यामुळे काकू कायम एका विटेवर उभ्या राहून पोळ्या लाटायच्या. त्यांनी तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. फक्त एकदा म्हणाल्या होत्या, "ताई, एक ओटा माज्या उंचीचा व्हावा. बाकी मला काय बी नगं." लेक काष्टीला दिलेली, ती दिवाळीला सकाळी यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची, कारण तिला निजायला बिनवाळूची जागा नसायची.

एका पावसाळ्यात बँकेची सहल भंडारदऱ्याला निघाली. गाडीत जागा होती म्हणून तात्या-काकूंना घेतलं. तात्या सबंध वाटेत उभे. धरणावर आम्ही सगळे गप्प होऊन पाणी बघत होतो आणि तात्या कठड्याला रेलून म्हणाले, "केवढं अडकून पडलंय! हे मोकळं कधी करत्यात?" आम्ही पोट धरधरून हसलो. नंतर ते हॉटेलमालकाला गाठून खोल्या किती, भरतात किती, कर्ज कोणाचं, हे विचारत बसले. बसले म्हणजे उभेच.

मी काकूंना बोलवायला खोलीवर गेले. त्यांनी पिशवीतली एकूण एक वस्तू बाहेर काढून मांडली होती. खुंटीला दोन लुगडी, आरशापुढे फणी आणि कुंकवाची डबी, खिडकीत देवीचा फोटो. दोनच रात्रींचा तर मुक्काम. मी म्हटलं, "काकू, हे काय, संसार मांडलात?" त्या लाजून म्हणाल्या, "दोन दिवसाचं भाडं भरलंय ना ताई, मधीच कोनी उठवनार न्हाई." मी हा किस्सा गाडीत सगळ्यांना रंगवून सांगितला. तेव्हा सगळे हसले, तात्याही हसले, आणि सगळ्यात जास्त मी हसले. आज मला त्या हसण्याची लाज वाटते.

पाचवं घर गेवराई रस्त्याला झालं. या वेळी तात्यांनी शब्द दिला होता, "हे तुजं." गवंड्याने काकूंच्या कोपराचं माप घेऊन ओटा बांधला. काकू दिवसातून चारदा त्या रिकाम्या ओट्यापाशी उभ्या राहून हात ठेवून बघायच्या. आणि तेवढ्यात बाजार समितीजवळ एक कोपऱ्याचा प्लॉट विकायला निघाला. तात्या माझ्याकडे आले. पेन्शन तुटपुंजी, घराला भाडं दाखवल्याशिवाय कर्ज बसेना. मी म्हटलं, "भाड्याचा करार लागेल, तात्या."

काकू सहकर्जदार होत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. सही करायला मीच त्यांना शिकवलं होतं, पहिल्या कर्जाच्या वेळी. 'सुमन' ही तीन अक्षरं त्या जीभ बाहेर काढून गिरवायच्या. त्या दिवशी पेन हातात धरून त्यांनी मला विचारलं, "ताई, या घराला बी भाडेकरू?"

तात्या माझ्याकडे बघत होते. प्लॉटवाला बाहेर बसला होता. मी म्हटलं, "अकरा महिन्यांचाच करार असतो, काकू. अकरा महिने बघता बघता जातात."

त्यांनी सही केली. अकरा महिन्यांचा करार संपल्यावर दुसरा अकरा महिन्यांचा होतो, हे मला ठाऊक होतं. तसा तो झाला. मग तिसरा झाला. मग माझी बदली नगरला झाली आणि मी त्यातून मोकळी झाले.

मध्ये बराच काळ गेला. एके दिवशी दुपारी तात्यांचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं काकूंचं काही बरंवाईट झालं. "म्याडम, एक झालंय," ते म्हणाले. मग सांगू लागले.

बाजार समितीजवळच्या बांधकामावर एक मास्तरीणबाई घरोघरच्या माणसांची यादी करायला आल्या होत्या. तात्या माळ्यावर पाणी मारत होते. बाईंनी काकूंना विचारलं, "घर स्वतःचं की भाड्याचं?"

काकू म्हणाल्या, "भाड्याचं."

"मालक कोण?"

"म्हाईत न्हाई, बाई. अजून यायचेत."

तात्या वरूनच हसले. ओरडून म्हणाले, "अगं, खुळी का काय? आपलंच हाय की!" काकूंनी वर बघितलं आणि काहीही राग नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "आपलं कुटलं? दिवाळीला खाली करून देनार हाय की आपन."

"ती चेष्टा करत नव्हती हो, म्याडम," तात्या फोनवर म्हणाले. "तिला खरंच तसं वाटतंय. सहा घरं हायत माज्या नावावर आन माजी बायकू लोकाच्या घरात ऱ्हाती." एवढं बोलून तो माणूस रडू लागला. तात्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं की चूक तुमच्या एकट्याची नाही. मी म्हणाले, "पाणी प्या, तात्या."

तात्यांनी नंतर जे केलं, ते कुठलाही हिशेबी माणूस करणार नाही. नेवासा रस्त्याचं आणि बाजार समितीजवळचं, अशी दोन घरं त्यांनी पडत्या भावात विकली. त्यातून गेवराई रस्त्याच्या घराचं कर्ज फेडलं. भाडेकरूला दोन महिन्यांची मुदत दिली, त्याच्या टेम्पोचे पैसेही स्वतः भरले. उताऱ्यावर कर्जाची नोंद असते, तिला आमच्याकडे बोजा म्हणतात. तो उतरवून घेतला आणि घर बक्षीसपत्राने काकूंच्या नावावर केलं. प्लॉटचे दलाल म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तात्या त्यांना म्हणाले, "फिरलंय खरं. लई उशिरा फिरलं."

नवा उतारा हातात आल्यावर त्यांनी मला बोलावलं. "तुमी वाचून दाखवा तिला. माज्यावर तिचा इस्वास न्हाई." माझ्यावर तरी कशाला असेल, असं मनात आलं, पण गेले.

घर छान होतं. ओटा काकूंच्या कोपराला बरोबर होता. आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून तीन गाठोडी, दोन पेट्या आणि सुतळीने तोंड शिवलेलं एक पोतं. भिंतीवर एक खिळा नाही. तात्या हळूच म्हणाले, "चार महिनं झाले. रोज सकाळी एक गाठोडं सोडतो. बाजारातून येईस्तोवर पुन्ना बांधलेलं. भांडत बी न्हाई, काय बी म्हनत न्हाई. नुसतं बांधून ठिवती."

काकू येऊन बसल्या. थकल्या होत्या. मी उतारा त्यांच्यापुढे धरला आणि त्यांच्या नावावर बोट ठेवलं. "ओळखलंत का?"

त्यांनी ती तीन अक्षरं बोटाने चाचपली. ओळखली. मग इकडेतिकडे पेन शोधत म्हणाल्या, "सही कुटं करू, ताई?"

मी म्हटलं, "सही नाही करायची, काकू. हे घर तुमचं झालं. कसलं कर्ज नाही, बोजा नाही. सगळं मोकळं आहे."

"मोकळं झालं व्हय?" काकू म्हणाल्या. "मंग आता कोन येनार हाय ऱ्हायला?"

तात्या दाराच्या चौकटीत उभे होते, ते एकदम खाली बसले. उंबऱ्यावर. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. मी काकूंचा हात धरला आणि म्हटलं, "तुम्हीच राहणार. कायमच्या." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलाची समजूत काढतात तसं. तेव्हा मी कसं हसत हसत 'अकरा महिने' म्हणाले होते ते मला आठवलं. माफी मागायची म्हणून मी गेले होते, पण मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी लगेच दिली असती, म्हणूनच मला धीर झाला नाही.

काकू चहा टाकायला उठल्या आणि आधी शेजारी जाऊन दोन कप मागून आणले. आपले बांधलेत म्हणाल्या. चहा झाल्यावर तात्यांनी ते कप स्वतः विसळले, पुसले, आणि मला पोचवायला फाटकापर्यंत आले. "पुढल्या खेपेला आमच्या कपात पाजतो, म्याडम," ते म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "फोन करून या हो ताई! तवर आमी कुटं असू, काय म्हाईत!"

तात्यांनी फाटकाची कडी घट्ट धरली. "हितंच असू," ते आधी माझ्याकडे बघून पुटपुटले. मग घराकडे तोंड करून, भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "हितंच असू गं!"