मस्कतची पाठराखीण

पोलादपूर नावाचं एक गाव होतं, अजून आहे, आंबेनळी घाटाचा रस्ता जिथून फुटतो तिथंच. त्या गावात रुमाना नावाची एक पोरगी राहायची, माझी नात. तिकडे सावित्रीच्या काठी तुडीलला मुदस्सर नावाचा एक मुलगा राहायचा, म्हणजे रजेत राहायचा. बाकी वर्षभर तो मस्कतला, एका कंपनीच्या गोदामात. या दोघांचा निकाह झाला. आणि दोघांच्या मधोमध मी राहायचे. सगळी गोष्ट त्या मधोमधचीच आहे.

लग्नाला मुदस्सरला रजा मिळाली ती एवढीशी. त्यात आमच्याकडे नव्या जोडप्याला दावत द्यायची रीत. खाला, फूफू, मामू, मामूच्या मेव्हण्याचे शेजारी, कुणी सोडलं नाही. दोन्ही वेळ कुणाच्या तरी घरी बिर्याणी. नवरा-नवरीने एकमेकांकडे बघायचं म्हटलं तर मध्ये टोप. बिचाऱ्यांनी एक दिवस महाबळेश्वरला जायचं ठरवलं. घाट मी बरीच वर्षं पाहिला नव्हता, म्हणून मी गाडीत बसले. मी बसले म्हणून तिची फूफू, म्हणजे माझी लेक, बसली. फूफू बसली म्हणून तिची पोरं बसली. नवऱ्या मुलाला शेवटी ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली, त्याने घाट अगदी नीट पाहिला असेल. मग रजा संपली आणि तो विमानात बसला.

पुढे सगळं फोनवर. त्याचा फोन आला की आधी आमच्या म्हाताऱ्यांकडे, रुमानाच्या आजोबांकडे, कारण मान त्यांचा. ते त्याला तिथल्या उन्हाबद्दल विचारायचे. मग माझ्याकडे, मग तिच्या आईकडे, मग अंगणात कोण आलं असेल त्याच्याकडे. शेजारच्या तुळजाबाईने तर त्याला आपल्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली होती. फोन रुमानाच्या हातात जाईपर्यंत त्याची जेवणाची सुट्टी संपलेली असायची. ती विचारायची, "जेवलात का?" तो म्हणायचा, "जेवलो." संसार झाला.

पोरगी सुकायला लागली. मुदस्सरने साहेबांना सांगून ठेवलं होतं की बायकोला कायमची आणायची आहे, कंपनीची फॅमिलीवाल्यांची खोली मिळाली तर बरं. साहेब म्हणाले होते, बघू. हे 'बघू' मला ठाऊक आहे, आमच्याकडे रस्त्याच्या खड्ड्यांनाही तेच सांगतात. खोली नाही मिळाली तर वर्षातून एकदा नवरा दिसणार, तोही टोपाच्या पलीकडे. म्हणून त्याने निदान एका महिन्याचा व्हिसा काढला. मित्र रजेवर गेला होता, त्याची एक खोली महिन्यापुरती घेतली.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग तुळजाबाई आली.

"पोर पयल्यांदा सासरी चाललीय," ती म्हणाली, "पाठराखीण कोण?"

मी म्हटलं, सासरी ती तुडीलला जाऊन आली की.

"तुडीलला सासू हाय गो. नवरा कुठं हाय? नवरा असंल तं सासर."

बोलणं मला पटलं. पोरगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा घरातली एक जाणती बाई तिच्यासोबत जाते, नवं घर अंगवळणी पडेपर्यंत राहते, ही रीत तुळजाबाईकडेही आहे आणि आमच्याकडेही होती. माझ्याकडे पासपोर्ट होता, उमऱ्याला मक्केला गेले तेव्हा काढलेला. घरातल्यांनी मला समजावलं, पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. रुमानाला कळलं तेव्हा ती रडली. मी समजले, आनंदाने. मुदस्सरला फोनवर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प. मी समजले, नेट गेलं.

माझाही व्हिसा आला. सुकट, आमसुलं, घरचा मसाला आणि भाकरीचं पीठ, सगळं बांधून आम्ही मस्कतला उतरलो. जावई न्यायला आला होता. पोरगा सभ्य. आधी माझी पिशवी घेतली, मग नातीची. नातीकडे बघून फक्त म्हणाला, "जेवलीस का?" ती म्हणाली, "जेवले." सवय, दुसरं काय.

खोली एकच. एक पलंग, कोपऱ्यात ओटा, ओट्याखाली तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा. मी रीतीप्रमाणे नातीला पलंगावर माझ्याजवळ घेतलं आणि जावयाची गादी खाली घातली. जावई ड्युटीवरून दुपारी यायचा. मला दिवसा डोळा लागत नाही. (रात्रीही फारसा लागत नाही, पण ती वेगळी गोष्ट.) तेव्हा पलंगाच्या मध्ये मी, एका कडेला ती, दुसऱ्या कडेला तो. मी दोघांचं मन रमवायचे. तळीयेच्या डोंगरापासून महाडच्या बाजारापर्यंत मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. ती "हूं" म्हणायची, तो "जी दादी" म्हणायचा.

पण एकमेकांशी एक शब्द नाही.

दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की दोघांच्या हातात सदा फोन. ती फोनात बघून गालात हसते. जरा वेळाने तो फोनात बघून हसतो. मग ती पुन्हा. मला अक्षर येत नाही, पण हसू वाचता येतं. हे हसू सासूच्या निरोपाचं नव्हतं. पोरीचं मन दुसरीकडे, पोराचं तिसरीकडे, आणि मी इथं बसून दोघांना भाकऱ्या वाढतेय.

दुसऱ्या दिवशी जावई ड्युटीवर आणि रुमाना आंघोळीला गेलेली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तुडीलहून विहीणबाई, मुदस्सरची आई. हिरवं बटण मला ओळखता येतं. मी त्यांना हळूच सांगून टाकलं, की विहीणबाई, लक्षण बरं नाय, दोघं एका खोलीत राहून बोलत नाहीत, दोघांच्या फोनात कुणीतरी हाय. कुणाला सांगू नका म्हणून शपथही घातली. दुपारपर्यंत आमचे म्हातारे रिक्षा करून तुडीलला पोहोचले होते, सोबत तुळजाबाईचा लेक मालोजी, कारण रिक्षात जागा होती. ठरलं असं की दोन्ही घरांनी मिळून मुदस्सरला फोन लावायचा आणि जोडप्याची समजूत घालायची.

आता हे मला काय ठाऊक? मी माझ्या परीने समजूत घालायला बसले होते. जावई घरी आला, चहा घेतला, दोघांनी फोन पलंगावर ठेवून हात धुवायला पाठ वळवली, आणि मी दोन्ही फोन उचलून तांदळाच्या डब्यात खोल घातले. झाकण लावलं. डबा पलंगापाशी ओढला आणि त्यावर बसले.

दोघांनी खोली धुंडाळली. उशा उचलल्या, माझी पिशवी झटकली. मग डबा वाजायला लागला. तांदळातून वाजलेला फोन मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. खालून गुदगुल्या होत होत्या, पण मी उठले नाही.

"दादी," रुमाना म्हणाली, "फोन दे ना."

"आधी सांग. त्या फोनात कोण हाय?"

पोरगी लाल झाली. मान खाली घालून तिने बोट दाखवलं, जावयाकडे.

मी जावयाकडे वळले. "आणि तुमच्या फोनात?"

"तुमची नात, दादी."

"ती तर समोर बसलीय."

"समोर तुम्ही बसलाय, दादी," तो म्हणाला. इतक्या अदबीने म्हणाला की मला राग धरता येईना.

मग हळूहळू उलगडलं. घरात सगळ्यांच्या कानासमोर बोलायची चोरी, म्हणून दोघांनी लिहून बोलायची सवय लावून घेतली होती. सगळा संसार त्यातच. घरात आज काय शिजलं, कुणी काय म्हटलं, रागावणं, मनवणं, सगळं. आता एका खोलीत आले, तर मध्ये पुन्हा मी. म्हणून माझ्या या अंगाकडून त्या अंगाकडे निरोप जात होते. मी म्हटलं, एवढं काय लिहिता, मला एक तरी ऐकवा. शेवटी नातीने सांगितलं. जावयाने विचारलं होतं, 'दादी झोपतात कधी?' आणि माझ्या नातीने, जिला मी अंगाखांद्यावर खेळवलं, तिने लिहिलं होतं, 'पोलादपूरपासून जागीच आहे.'

डबा वाजतच होता. तिकडे तुडीलला माणसं दिवाणखान्यात मांडी घालून बसलेली, आणि इकडून उत्तर नाही. विहीणबाईंना वाटलं, भांडण हातघाईवर आलं. त्यांनी मुदस्सरच्या कंपनीतल्या सुशांतला फोन लावला. तो महाडचाच, त्याच गोदामात कामाला. विहीणबाई त्याला काय म्हणाल्या ते अल्लाला ठाऊक, पण तो गोदामातून धावतच सुटला. दारात मोठे साहेब गाडीत बसत होते, तिथलेच राहणारे, पांढरा पायघोळ झगा घातलेले. त्यांनी विचारलं काय झालं, याने सांगितलं मुदस्सरच्या घरी मोठा अपघात. साहेबांनी त्याला गाडीत घेतलं.

दार वाजलं, मुदस्सरने उघडलं. सुशांत घामाने भिजलेला, मागे साहेब. आत बघतात तर एक म्हातारी वाजत्या डब्यावर बसलेली, दोन्ही बाजूंना नवरा-बायको, आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत. त्या चार दिवसांचं, नव्हे, निकाहापासूनचं कोंडलेलं हसू बाहेर पडत होतं.

साहेबांनी हिंदीत विचारलं, हे काय आहे. मुदस्सरने लाजून तोंड फिरवलं. मग सुशांतनेच फोन काढून तुडीलला लावला आणि सांगितलं की कुणी मेलं नाय, कुणी मारलं नाय, फोन तांदळात हायत. तिकडून आमचे म्हातारे एवढ्या मोठ्याने बोलले की साहेबांनाही ऐकू गेलं, "मी सांगितलं होतं तिला, जाऊ नको."

मग मीच साहेबांना सगळं सांगितलं, माझ्या हिंदीत, हातवाऱ्यांसकट. दावती, टोप, घाट, मध्ये बसणं, सगळं. साहेब आधी गंभीर होते. 'पोलादपूरपासून जागी' आलं तेव्हा ते भिंतीला टेकले. हसू आवरल्यावर त्यांनी खोलीकडे नजर फिरवली. एक पलंग, खाली एक गादी. मुदस्सरला म्हणाले, तू खोली मागितली होतीस ती हिच्यासाठी? तो जी म्हणाला. साहेब म्हणाले, मला वाटलं होतं बायको यायला अजून वेळ आहे. उद्या ऑफिसात ये.

फॅमिलीची खोली मिळाली. दोन खोल्या, मध्ये भिंत, भिंतीला दार, दाराला कडी. कडी मी स्वतः दोनदा लावून पाहिली. उरलेले दिवस मी दुपारी खालच्या मजल्यावरच्या केरळी बाईकडे लसूण सोलायला जायचे. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. आमचं छान जमलं.

मग रुमाना तिकडेच राहिली, बाळंतपणाला इकडे आली, आणि महाडला तिला मुलगी झाली. गोरीपान, डोळे टपोरे, आजोळचं नाक. बाळंतपणाचे चाळीस दिवस झाले, जायचा दिवस जवळ आला, तशी मी सुकट बांधायला घेतली. पोर पहिल्यांदा बापाच्या घरी चालली होती, रीत ती रीत. जावयाला फोनवर विचारलं, तिकीट कुठल्या दिवसाचं, पाठराखीण तयार हाय.

यावेळी नेट गेलं नाही. तो लगेच म्हणाला, "दादी, पाठराखीण रुमानाच्या मांडीवर हाय की. तीच येऊन राहील आमच्या मधोमध."

मी म्हटलं, एवढंसं लेकरू, त्याला काय कळतंय, रडून जीव नकोसा करेल.

"करू दे," तो म्हणाला, "ही दुपारची झोपते तरी."